विमानांचे कारखाने आणि स्वस्त शेजारी



मेक्सिकोत केरेतारो नावाचे एक जुने शहर आहे. राजधानीपासून वायव्येला सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावरील हे शहर अठराव्या शतकात बांधलेल्या दगडी जलवाहिनीच्या उंच कमानींसाठी प्रसिद्ध आहे. समाजवादी कार्यकर्त्याला मात्र ते दुसऱ्या कारणाने ठाऊक असावयास हवे. १९१७ च्या फेब्रुवारीत मेक्सिकन क्रांतीची राज्यघटना याच शहरात मंजूर झाली आणि तिच्या १२३व्या कलमाने आठ तासांचा दिवस, किमान वेतन, संघटना आणि संप या गोष्टी कामगारांचे घटनादत्त हक्क म्हणून नोंदविल्या. रशियातील ऑक्टोबर क्रांती तेव्हा अजून व्हावयाची होती. त्याच वर्षी मानवेंद्रनाथ रॉय अमेरिकेतून निसटून मेक्सिकोत पोहोचले आणि समाजवादी चळवळीत शिरले, ही गोष्टही आपल्याकडे अनेकांना आठवत असेल.

या केरेतारोत २००५ साली कॅनडाच्या बॉम्बार्डिए या विमाने बनविणाऱ्या कंपनीने कारखाना काढण्याचे जाहीर केले. २००६ पासून तेथे विजेच्या तारांची जुडगी बांधण्याचे काम सुरू झाले. पुढे विमानाच्या सांगाड्याचे भाग, आणि त्यानंतर ग्लोबल जातीच्या खाजगी जेट विमानांच्या धडाचा शेपटाकडील भाग, अशी पायरीपायरीने कामे वाढत गेली. फ्रान्सच्या सफ्रान कंपनीने याच शहरात इंजिनांच्या भागांचे कारखाने उभारले. लीप या इंजिनाच्या पंख्याची कार्बन तंतूंची पाती जगात फ्रान्स आणि अमेरिका यांखेरीज येथेच बनू लागली. तो कारखाना २०१८ मध्ये उघडला. उत्तरेकडे चिहुआहुआ शहरात तर विमानांतील तारांची जुडगी बांधणाऱ्या कारखान्यांची एक वसाहतच झाली. ज्या देशाने स्वतःचे एकही प्रवासी जेट विमान बनविलेले नाही त्या देशात या धंद्यावर पन्नास हजारांहून अधिक लोक पोट भरू लागले.

हे का घडले, आणि त्यात कोणाचा कोणता फायदा आहे? डाव्या चळवळीत या प्रश्नाचे उत्तर फार लवकर दिले जाते. 'स्वस्त मजूर' एवढे दोन शब्द उच्चारले की विश्लेषण संपले, असा एक समज आहे. वस्तुतः तसे असते तर हे कारखाने मेक्सिकोत न जाता त्याहूनही स्वस्त असलेल्या दूरच्या देशांत गेले असते. मेक्सिकोहून कमी वेतन देणारे देश जगात डझनांनी आहेत. भांडवलाने शेजारी देश निवडला याला कारणे आहेत, आणि ती नीट मोजल्याशिवाय त्यांच्याशी झुंजता येणार नाही. प्रतिपक्षाचा हिशेब त्याच्याहून चांगला आपल्याला मांडता आला पाहिजे, ही समाजवादी अर्थशास्त्राची जुनी शिस्त आहे.

प्रथम वेतनाकडे पाहू. विमान ही वस्तू मोटारीसारखी यंत्रमानवांच्या रांगेतून बाहेर पडत नाही. तिच्यात हातकाम अजूनही प्रचंड आहे. एअरबसच्या ए ३८० या महाकाय विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा होत्या. यातील प्रत्येक तार कापायची, तिच्यावर खूण करायची, लाकडी फळीवर आखलेल्या नकाशाप्रमाणे ती इतर तारांबरोबर बांधायची आणि टोकाला जोडणी बसवायची, हे काम माणसाची बोटेच करतात. अशा कामात वेतनाचा वाटा मोठा म्हणून तेच प्रथम स्थलांतरित होते. धातूचे मोठे भाग संगणकचालित यंत्रांवर कापण्याचे काम त्या मानाने स्थिर राहते. कारण तेथे यंत्राची किंमत आणि धातूची किंमत सर्व देशांत जवळजवळ सारखीच असते. स्वस्त मजुरीचा लाभ हा असा निवडक लाभ आहे.

आता निकटतेचा लाभ. बोइंगने आपल्या ७८७ या विमानाचे पंख जपानमधून आणि धडाचे मधले भाग इटलीतून आणविण्याचे ठरविले तेव्हा ते वाहून नेण्यासाठी चार जुनी ७४७ विमाने पोट फुगवून पुन्हा बांधावी लागली. कारखान्याचा एक भाग दुसऱ्या भागाशी जोडण्यासाठी विमानांचा खास ताफा बाळगावा लागणे, ही दूरच्या उत्पादनाची किंमत आहे. ७८७ हे विमान २००८ च्या मे महिन्यात ग्राहकाच्या हाती पडावयाचे होते. ते पडले २०११ च्या सप्टेंबरात. या विलंबाची कारणे अनेक असली तरी कामाची पराकोटीची विखुरणी हे त्यांतील प्रमुख, हे कंपनीच्या वरिष्ठांनीच पुढे मान्य केले. याउलट चिहुआहुआहून निघालेली मालमोटार अमेरिकेच्या सीमेवर काही तासांत पोहोचते. भाग जुळला नाही तर कॅन्ससचा अभियंता त्याच दिवशी जाऊन पाहू शकतो. दोन्हीकडील घड्याळे जवळजवळ एकच वेळ दाखवितात, त्यामुळे सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुपारी मिळते. वाटेत अडकून पडलेल्या मालात गुंतलेले भांडवल कमी, म्हणून व्याजही कमी. युरोपच्या कंपन्यांनी कासाब्लांका आणि ट्युनिसच्या परिसरात हेच केले. भूमध्य समुद्र ओलांडला की झाले.

परंतु भूगोल एकटा पुरेसा नसतो, त्याला कायद्याची जोड लागते. १९६४ साली अमेरिकेने मेक्सिकन शेतमजुरांना हंगामी परवान्यावर बोलावण्याची योजना बंद केली. सीमेवर बेकारांची गर्दी झाली. म्हणून १९६५ मध्ये मेक्सिकोने सीमाभागात अशा कारखान्यांना परवानगी दिली की ज्यांनी कच्चा माल करमुक्त आणावा, त्याची जुळणी करावी आणि तयार माल परत अमेरिकेत पाठवावा. या कारखान्यांना तिकडे माकिलादोरा म्हणतात. १ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला आणि सीमेवरची ही सवलत साऱ्या देशाची रीत झाली. नागरी विमाने व त्यांचे भाग यांवरील जकात प्रमुख औद्योगिक देशांनी १९७९ च्या एका करारानेच आपसांत उठविली होती. २००७ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात विमानसुरक्षेचा द्विपक्षीय करार झाला. त्यामुळे मेक्सिकन अधिकाऱ्यांनी तपासलेल्या भागांना अमेरिकेत मान्यता मिळण्याची वाट मोकळी झाली. २०१२ मध्ये लष्करी उपयोगाच्या तंत्रज्ञानावर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार व्यवस्थेत मेक्सिको सामील झाला. मुक्त बाजार म्हणून ज्याची जाहिरात होते तो पायरीपायरीने, कायद्याने, मुत्सद्द्यांनी बांधलेला असतो. त्यात मोकळे काही नाही.

आणि सरकारी पैसाही असतो. केरेतारोचा नवा विमानतळ २००४ च्या अखेरीस सुरू झाला, म्हणजे बॉम्बार्डिए येण्याच्या आदल्या वर्षी. २००७ मध्ये त्याच परिसरात सरकारने विमानविद्येचे एक स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले. रिव्हेट मारणाऱ्या कारागिरापासून अभियंत्यापर्यंत सर्वांचे शिक्षण तेथे होते, आणि अभ्यासक्रम कंपन्यांच्या गरजेप्रमाणे आखले जातात. हे वाईट आहे असे नाही. शेतकऱ्याच्या मुलीला विमानाच्या शेपटाची जोडणी शिकता यावी यात वाईट ते काय? परंतु कंपनीच्या हिशेबात जो 'फायदा' म्हणून दिसतो तो मेक्सिकोच्या करदात्याच्या हिशेबात खर्च म्हणून दिसतो, आणि ही दुसरी वही कोणत्याही कंपनीच्या वार्षिक अहवालासोबत छापली जात नाही.

येथे अर्थशास्त्रातील एका जुन्या शोधाची आठवण द्यावी लागते, कारण तो विमानाच्याच कारखान्यात लागला. १९३६ साली थिओडोर राइट या अमेरिकन विमान-अभियंत्याने असे दाखविले की बनविलेल्या विमानांची एकूण संख्या दर वेळी दुप्पट झाली की एका विमानामागे लागणारे श्रम सुमारे वीस टक्क्यांनी घटतात. शंभरावे विमान बनविताना जितके तास लागले त्याच्या ऐंशी टक्के तासांत दोनशेवे बनते, चारशेवे त्याच्याही ऐंशी टक्क्यांत. यंत्रे तीच, आराखडा तोच. कमी होतात त्या चुका, शोधाशोध, थांबणे आणि पुन्हा करणे. हे ज्ञान कोठे साठते? कागदावर काही साठते, पण बहुतेक साठते ते कामगाराच्या हातात, त्याच्या शेजाऱ्याशी असलेल्या जुळणीत आणि मुकादमाच्या नजरेत. भांडवलदारी हिशेबात या साठ्याला नाव नाही, म्हणून तो फुकट समजला जातो.

कारखाना हलविला की या साठ्याचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. मॉन्ट्रिऑलच्या कामगाराने वीस वर्षांत कमावलेली सफाई मालमोटारीत भरून केरेतारोस नेता येत नाही. तेथे पुन्हा पहिल्या विमानापासून सुरुवात करावी लागते. तासाचे वेतन कमी असले तरी तास जास्त लागतात, बिघडलेला माल जास्त, देखरेखीसाठी पाठविलेल्या परदेशी अभियंत्यांचा खर्च वेगळा. ही तूट भरून येण्यास वर्षे लागतात. ती भरून आल्यावर मात्र केरेतारोचा कामगार मॉन्ट्रिऑलच्या कामगाराइतकाच तरबेज होतो, आणि त्याचे वेतन मात्र त्याच्या एका अंशाएवढेच राहते. स्थलांतराचा खरा, टिकाऊ नफा येथे आहे. कौशल्य वाढले तरी वेतन त्याच्या मागोमाग वाढत नाही, हाच तो नफा. त्याला 'स्वस्त देशाचा फायदा' म्हणणे म्हणजे परिणामाला कारण समजणे होय. वेतन कौशल्याच्या मागे का गेले नाही, हा विचारावयाचा प्रश्न आहे.

मेक्सिकोत त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. पुस्तकात १२३वे कलम होतेच. ते सापडते कारखान्याच्या दाराशी. तेथे अनेक दशके एक विलक्षण पद्धत रूढ होती. पहिला कामगार भरती होण्यापूर्वीच मालक एखाद्या मालकधार्जिण्या युनियनशी सामूहिक करार करून टाकी. कामगारांना आपली युनियन कोणती, करारात काय लिहिले आहे, हे माहीत नसे; कित्येकांना युनियन आहे हेच माहीत नसे. अशा करारांना तेथे 'संरक्षणाचे करार' म्हणतात. संरक्षण अर्थातच मालकाचे. क्रांतीच्या घटनेने संघटनेचा हक्क दिला आणि क्रांतीचे नाव सांगणाऱ्या राज्यकर्त्या पक्षाच्या युनियनांनी तो विकला. ज्या गावात ती घटना जन्मली त्याच गावात 'येथे संप होत नाहीत' ही गुंतवणूकदारांसाठी जाहिरात व्हावी, यावर अधिक भाष्य नको.

आता सीमेच्या उत्तरेकडे वळू. विमाननिर्मितीची राजधानी म्हणविणाऱ्या कॅन्ससमधील विचिटा शहरात हॉकर बीचक्राफ्ट ही कंपनी होती. मंदीच्या काळात, २०१० मध्ये, तिने कामगारांपुढे वेतनकपातीचा करार ठेवला आणि दुसरीकडे कारखाना अन्यत्र नेण्याच्या वाटाघाटी सुरू असल्याची हूल उठू दिली. कामगारांनी करार फेटाळला. त्या वर्षअखेर राज्य आणि स्थानिक सरकारांनी मिळून कंपनीला सुमारे साडेचार कोटी डॉलरांची मदत देऊ केली ती तिने तेथेच राहावे म्हणून. २०१२ च्या मे महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली. कारखाना हलविण्याची क्षमता अंगी असणे हाच एक उत्पन्नाचा मार्ग आहे, हे यावरून लक्षात येते. प्रत्यक्ष हलण्याची गरजही नसते. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधिका केट ब्रॉन्फेनब्रेनर यांनी मुक्त व्यापार करारानंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेतील युनियन-निवडणुकांचा अभ्यास केला होता. निम्म्याहून अधिक मालकांनी कामगारांनी युनियन स्वीकारल्यास कारखाना बंद करण्याची धमकी दिल्याचे त्यांना आढळले. स्थलांतराच्या फायद्यांच्या कोष्टकात हा आकडा कोणी मांडत नाही, कारण तो त्या कारखान्यांतून मिळतो जे कधीच हलले नाहीत.

अमेरिकन आणि कॅनेडियन कामगारांना यावर जे उत्तर स्वाभाविक वाटले ते आपण समजून घेतले पाहिजे, पण त्याला माना डोलावता कामा नये. 'मेक्सिकनांनी आमच्या नोकऱ्या चोरल्या' ही घोषणा मालकाला अतिशय सोयीची आहे. ती कामगाराचा राग दक्षिणेकडे वळविते आणि हिशेबवही तपासण्याचे काम विसरायला लावते. या घोषणेचा फोलपणा एका विमानाच्या कहाणीवरून पुरेसा दिसतो. लिअरजेट ८५ हे विमान २००७ मध्ये जाहीर झाले. त्याचे धड आणि पंख कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचे व्हावयाचे होते. ते भाग बनवावयाचे केरेतारोत आणि अखेरची जुळणी करावयाची विचिटात, अशी वाटणी झाली. 'चोरी' म्हणावी तर ही चोरीच होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये विमानाने पहिले उड्डाण केले. २०१५ च्या जानेवारीत मॉन्ट्रिऑलमधून सूचना निघाली की मागणी नसल्यामुळे काम थांबविण्यात येत आहे. सुमारे एक हजार लोकांच्या नोकऱ्या जातील. त्या कोठल्या? केरेतारोच्या आणि विचिटाच्या, दोन्हीकडच्या, एकाच पत्रकात. त्याच वर्षी ऑक्टोबरात विमान कायमचे रद्द झाले. चोर आणि चोरी झालेला दोघेही एकाच दिवशी रस्त्यावर आले. २०२१ मध्ये तर लिअरजेटचे उत्पादनच संपविण्याचे ठरले.

या कहाणीत निर्णय कोठे झाला याकडे लक्ष द्यावे. विमानाची किंमत त्याच्या पत्र्यात नाही. कोणत्याही नव्या विमानाला सरकारी यंत्रणेकडून एक प्रकार-प्रमाणपत्र घ्यावे लागते. वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनंतर ते मिळते, आणि ते ज्याच्या नावावर असेल त्याचाच त्या आराखड्यावर ताबा राहतो. पुढील तीस-चाळीस वर्षे सुटे भाग कोणी, कोणत्या भावाने विकावयाचे, दुरुस्तीचे नियम काय, बदल कोणते, हे सारे तोच ठरवितो. तारांची जुडगी केरेतारोस जातात, धडही जाते; प्रमाणपत्र जात नाही. तीस वर्षांत त्याने सीमा ओलांडली नाही. म्हणून मेक्सिकोत विमानांचे भाग बनतात पण मेक्सिको विमान बनवीत नाही. पुरवठादारही बहुतांशी परदेशीच. एका उद्योगाने मागचे-पुढचे दहा देशी उद्योग उभे करावेत, अशी जी अपेक्षा अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ साली विकासाच्या शास्त्रात मांडली, ती येथे फारच अपुरी पुरी झाली.

याला पर्याय होता काय? लॅटिन अमेरिकेतच होता. ब्राझीलने १९५० मध्ये वैमानिकी तंत्रशास्त्राची संस्था काढली आणि १९६९ मध्ये एम्ब्राएर ही सरकारी कंपनी स्थापन केली. इंजिने परदेशी, इलेक्ट्रॉनिक उपकरणे परदेशी, हे तिने खुशाल पत्करले. पण आराखडा आपला आणि प्रमाणपत्र आपल्या नावावर, हा आग्रह सोडला नाही. १९९४ मध्ये तिचे खाजगीकरण झाले, ते दुःखद असले तरी सरकारने महत्त्वाच्या निर्णयांवर नकाराधिकार देणारा एक विशेष भाग स्वतःकडे ठेवला. गंमत अशी की पुढे हीच एम्ब्राएर स्वतः पोर्तुगालमध्ये पंखांचे भाग बनवू लागली. ज्याच्याजवळ आराखडा आहे तो कारखान्याची जागा निवडतो. ज्याच्याजवळ फक्त हात आहेत त्याची निवड होते. सरकारी मालकी म्हणजे सर्व रोगांवर औषध, असे येथे सुचवावयाचे नाही. क्युबेक सरकारने २०१५ मध्ये बॉम्बार्डिएच्या प्रवासी विमानात शंभर कोटी डॉलर घातले आणि तीन वर्षांच्या आत त्या विमानावरचा बहुसंख्य वाटा रोख रकमेशिवाय एअरबसच्या पदरात पडला, हेही उदाहरण समोर आहे. सरकारने पैसा घातला, ताबा घेतला नाही.

आपल्याकडील संबंध थोडक्यात. नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ च्या तळाच्या तुळया कार्बन तंतूंपासून बनत आल्या आहेत. म्हणजे वर सांगितलेल्या साखळीची एक कडी विदर्भात आहे. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने साठोत्तरी दशकापासून मिग विमाने बांधली, परवान्यावर का होईना. २०२२ मध्ये सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाचा कारखाना गुजरातेत वडोदऱ्याला गेला तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. तो कोणत्या राज्यात गेला याची चर्चा महिनाभर झाली; आराखडा कोणाचा, कामगारांची भरती कायम की कंत्राटी, सरकारने काय दिले आणि बदल्यात काय मिळविले, याची चर्चा एक दिवसही झाली नाही. विचिटाच्या नगरपालिकेपेक्षा आपण फार शहाणे आहोत असे मानण्यास यातून आधार मिळत नाही.

रिकार्डोने १८१७ मध्ये तौलनिक लाभाचा सिद्धांत मांडताना इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालचे द्राक्षमद्य ही जोडी घेतली होती. स्वस्त शेजाऱ्याचे समर्थक आजही त्याचेच नाव घेतात. पण रिकार्डोच्या मांडणीत कापड आणि मद्य सीमा ओलांडतात, भांडवल ओलांडीत नाही. मालक आपल्या देशातच राहणे पसंत करील असे त्याने स्पष्ट गृहीत धरले होते, आणि ही प्रवृत्ती ढिली झालेली पाहणे त्याला आवडले नसते असेही लिहून ठेवले होते. भांडवल हलते आणि कामगार हलू शकत नाही, अशा जगाविषयी त्याचा सिद्धांत बोलत नाही. सीमेवरील काटेरी कुंपण मालमोटारीसाठी उघडते, माणसासाठी नाही. हा भेद नसता तर केरेतारोचा जोडारी विचिटाला जाऊन तेथील वेतन घेऊ शकला असता आणि कारखाना हलविण्याचे बहुतेक कारणच उरले नसते.

म्हणून कामगार चळवळीपुढचा कार्यक्रम कारखाने परत आणण्याचा असू शकत नाही. आलेला उद्योग जावा असे केरेतारोच्या कामगाराला कोणी सांगू नये. त्याची नोकरी खरी आहे, त्याचे कौशल्य खरे आहे. त्या कौशल्याचे मोल मागण्याची ताकद त्याला मिळणे, यातच उत्तरेकडच्या कामगाराचेही हित आहे. ही केवळ सदिच्छा राहिलेली नाही. २०१८ मध्ये मेक्सिकोचे किमान वेतन दिवसाला ८८.३६ पेसो होते. २०२५ मध्ये ते २७८.८० पेसो झाले. कारखाने पळून गेले नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सीमेवरील मातामोरोस शहरात हजारो माकिलादोरा कामगारांनी आपल्याच युनियन-पुढाऱ्यांना न जुमानता वीस टक्के वाढ आणि बत्तीस हजार पेसो बोनस या मागणीसाठी संप केला आणि बहुतेक कारखान्यांत तो जिंकला. त्याच वर्षी मे महिन्यात नवा कामगार कायदा झाला: करारावर गुप्त मतदान, युनियनच्या पुढाऱ्यांची थेट निवडणूक, आणि जुन्या सर्व करारांना कामगारांची मान्यता घेण्यासाठी १ मे २०२३ ही मुदत.

१ जुलै २०२० रोजी जुन्या व्यापार कराराच्या जागी जो नवा करार आला त्यात एक तरतूद आहे: एखाद्या कारखान्यात संघटनेचा हक्क नाकारला गेल्यास त्या एका कारखान्याविरुद्ध तक्रार करता येते आणि त्याच्या मालावरील करसवलत रोखता येते. ती अमेरिकन डेमोक्रॅट आणि युनियनांच्या रेट्याने आली आणि तिची धार मुख्यतः मेक्सिकोकडेच वळविलेली आहे. अमेरिकेतील दक्षिणेच्या राज्यांत, जेथे बोइंगने ७८७ ची जुळणी युनियनपासून दूर नेली, तेथे ती सहसा चालत नाही. हा तिचा उघड पक्षपात. तरीही सिलाओ येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात २०२१ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा कामगारांनी मालकधार्जिण्या युनियनचा करार मतदानाने फेटाळला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत स्वतःची स्वतंत्र युनियन प्रचंड बहुमताने निवडली. सिलाओ केरेतारोपासून मालमोटारीने काही तासांच्या अंतरावर आहे. ज्या मालाला ही तरतूद लागू होते त्याची उदाहरणे करारातच तळटीप देऊन नोंदविली आहेत, आणि त्या यादीत पहिलेच नाव विमाने व त्यांचे भाग यांचे आहे.

सिअ‍ॅटलच्या बोइंग कामगारांनी २०२४ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सात आठवडे संप केला. तेहतीस हजार लोक बाहेर होते. त्यांनी चार वर्षांत अडतीस टक्के वेतनवाढ मिळविली, आणि कंपनीने कराराच्या मुदतीत नवे विमान काढल्यास ते याच भागात बांधले जाईल असे लेखी वचनही. ते वचन मिळविण्याची ताकद त्यांच्यात होती. त्याच विमानाची तारांची जुडगी आणि इतर भाग जे सीमेपलीकडे बनतील त्यांवर त्या करारात एक शब्द नाही. त्या ठिकाणच्या कामगारांशी कोणी, कोणत्या भाषेत आणि केव्हा बोलावयास सुरुवात करावयाची, हे दोन्ही बाजूंच्या युनियनांपुढे पडलेले काम आहे.